बग सापडला, पण पोचला का? टेस्टरांशी बोलायचंय, डेव्हलपरांशीही

सांजवात | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं झाली, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय, म्हणजे बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका) शोधतेय. गेल्या महिन्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आमचं अ‍ॅप पतसंस्थांसाठी आहे. सभासदाचं नाव मराठीत टाकलं की त्याची खाती, ठेवी, कर्जं समोर येतात. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा टप्पा), दर दुसऱ्या गुरुवारी रिलीज. डेव्हलपर हैदराबादला. त्यांच्यापैकी कुणाला मराठी वाचता येत नाही, आणि यावी अशी माझी अपेक्षाही नाही.

एका शाखेतून तक्रार आली: कुऱ्हाडे आडनावाच्या एका आजींची मुदत ठेव दिसत नाही. मी माझ्या फोनवर नाव टाइप करून पाहिलं, खरंच सापडेना. गाव आणि खाते क्रमांकावरून शोधलं तर आजी आहेत, ठेवही आहे. मी टिकिट (बगची नोंद) टाकलं: "सभासद शोध चालत नाही, कुऱ्हाडे". त्यात त्यांच्या रेकॉर्डमधलं पूर्ण नाव चिकटवलं, स्क्रीनशॉट जोडला. संध्याकाळपर्यंत टिकिट बंद. शेरा: "कॅनॉट रिप्रोड्यूस." म्हणजे, आमच्याकडे असं घडत नाही.

पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी चॅटवर आवाज चढले. मी लिहिलं, "नीट बघा." डेव्हलपरने लिहिलं, "बघितलंय, चालतंय." यात नऊ दिवस गेले. तेवढ्यात शाखेतल्या क्लार्कने नाव सापडत नाही म्हणून आजींची नवीन सभासद म्हणून नोंद केली आणि एका माणसाची दोन खाती झाली.

दहाव्या दिवशी मी त्याला फोन केला आणि म्हटलं, तू काय करतोस ते मला स्क्रीनवर दाखव. त्याने टिकिट उघडलं, त्यातलं नाव कॉपी केलं, शोधाच्या चौकटीत टाकलं, एंटर मारलं. आजी हजर! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'कुऱ्हाडे'तला तो आडवा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. ऱ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. त्याला हलंत लावून पुढे ह जोडता येतो. किंवा साधा र, म्हणजे ०९३०, त्याला हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह, मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी आडनावं. आमचा जुना डेटा जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना दुसऱ्या पद्धतीने आला होता, आणि माझा फोन पहिल्या पद्धतीने लिहितो.

म्हणजे माझा स्क्रीनशॉट पूर्ण निरुपयोगी होता. दोन्ही नावं सारखीच दिसतात, तर चित्रात काय सापडणार? आणि टिकिटात नाव चिकटवून मीच त्याला चुकीच्या वाटेने पाठवलं होतं. त्याने प्रामाणिकपणे तीन वेळा तपासलं. त्याला जे दिसत होतं ते खरं होतं, मला दिसत होतं तेही खरं होतं.

इतकी वर्षं मला वाटायचं की बग शोधणं हे माझं काम आणि तो लिहिणं ही नंतरची कारकुनी. आता तसं वाटत नाही. बग मी ज्या जागी पाहिला त्या जागी दुसऱ्या माणसाला नेऊन उभं करता आलं, तरच तो सापडला म्हणायचं. वेगाने चालणाऱ्या टीममध्ये तुम्ही हे कसं करता? टेस्टर आणि डेव्हलपर, दोघांकडून ऐकायचंय.

कातळ | सोमवार, रात्री ११:२५

मी डेव्हलपर आहे, मोकळेपणाने लिहितो.

सकाळी लॅपटॉप उघडला की टिकिटं, चॅट, मेल, बिल्डचे निरोप असा ढीग समोर असतो. त्यात "शोध चालत नाही" असं शीर्षक दिसलं की माझ्या हाती काहीच लागत नाही. 'चालत नाही' म्हणजे पान उघडत नाही, की रिकामं येतं, की चुकीचा माणूस येतो? तिन्हींसाठी मी कोडमध्ये तीन वेगळ्या ठिकाणी जाणार. तुमच्या टिकिटाचं शीर्षक "फोनवर टाइप केलेलं कुऱ्हाडे नाव शून्य निकाल देतं, रेकॉर्डमधून कॉपी केलेलं नाव सापडतं" असं असतं, तर मी पहिल्याच दिवशी दोन्ही नावांचे बाइट्स काढून पाहिले असते. ही तक्रार नाही. तुम्हाला तेव्हा तो फरकच माहीत नव्हता, हे कळतं.

पण उलट टोकाचीही टिकिटं येतात. बावीस पायऱ्या, त्यातल्या पहिल्या पंधरा लॉगिनच्या. स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत तसं टिकिट मी वरवर चाळतो आणि नेमकी महत्त्वाची ओळ सुटते. मला विचाराल तर चार ओळी लिहा आणि दहा मिनिटांचा कॉल लावा. तुमचाही प्रश्न शेवटी कॉलवरच सुटला.

दूरदेशी | मंगळवार, सकाळी ७:१०

सांजवात ताई, तुमचा अनुभव वाचून थेरॅक-२५ आठवलं. मी बॉस्टनला वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवीन माणसाला ही गोष्ट सांगितल्याशिवाय काम देत नाहीत.

थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेलं कॅन्सरच्या किरणोपचाराचं यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याच्यामुळे सहा रुग्णांना बेसुमार मात्रा बसल्याची नोंद आहे, आणि त्यातल्या काहींचा त्याने जीव गेला. १९८६ साली टेक्ससमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात मार्च आणि एप्रिल अशा लागोपाठच्या महिन्यांत दोन अपघात झाले. पडद्यावर एवढंच आलं: "मालफंक्शन ५४". या आकड्याचा अर्थ ऑपरेटरला कळावा असं काहीच तिच्या हाताशी नव्हतं.

दुसऱ्या अपघातानंतर तिथला भौतिकशास्त्रज्ञ आणि ती ऑपरेटर दोघं यंत्रापाशी बसले आणि तिने त्या दिवशी काय काय केलं ते पुन्हा पुन्हा करत राहिले. शेवटी त्यांना ते हवं तेव्हा घडवता यायला लागलं. तिच्या हाताला सवय होती. तिने उपचाराचा प्रकार चुकून एक्स-रे टाकला, कर्सर वर नेऊन तो पटकन इलेक्ट्रॉन केला आणि पुढे गेली. किरण वळवणारे चुंबक सज्ज व्हायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांच्या आत दुरुस्ती झाली तर ती यंत्राच्या एका भागाला कळायची आणि दुसऱ्याला नाही.

पुढचा भाग तुमच्यासाठी. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला: आमच्याकडे असं काही होत नाही. भौतिकशास्त्रज्ञाने सांगितलं, हे सगळं भराभर करावं लागतं. मग त्यांच्याकडेही झालं. इंजिनिअर बटणं तीच दाबत होता, क्रमही तोच होता. फक्त सावकाश दाबत होता.

'वेग' ही पायरी कुठल्याच यादीत नव्हती, कारण ऑपरेटरच्या दृष्टीने ती पायरीच नव्हती. तिचा हातच तसा चालायचा. तुमच्या गोष्टीत 'टाइप करणं' आणि 'चिकटवणं' यातला फरक तसाच हरवला.

सांजवात | मंगळवार, सकाळी ९:०५

दूरदेशी, वाचून अंगावर काटा आला. थेरॅकचं नाव ऐकून होते, तो फोनचा भाग माहीत नव्हता. "माझा हात तसाच चालतो", हेच ते. आपल्या अंगवळणी पडलेलं आपण लिहीत नाही.

कातळ, तुमचं शीर्षक मी उतरवून घेतलं. जिथे बिघडतं ते आणि जिथे बिघडत नाही ते, दोन्ही एका ओळीत. कारण मला माहीत नसलं तरी हा फरक मी शोधू शकले असते. दोन फोन घेऊन बसायचं होतं फक्त. तो अर्धा तास मी दिला नाही, कारण गुरुवार जवळ आला होता.

आणि गोष्ट तिथेच संपली नाही. आमच्या डेव्हलपरने हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) केला: शोधण्याआधी नावांमधली न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाकायची. आता कुऱ्हाडे सापडणं राहिलं बाजूला, जुन्या सभासदांची नावं 'कुर्हाडे', 'गोर्हे' अशी छापून यायला लागली. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. जॉइनर गेला की आडवा र जातो आणि पुढच्या अक्षरावर रफार चढतो. त्याने चाचणी करून, हिरवं निशाण लावून पाठवलं होतं. त्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसणार, त्याचा काय दोष? या वेळी मी "नाव चुकीचं दिसतंय" असं लिहिलं नाही. दोन्ही शब्द मोठे करून शेजारी शेजारी ठेवले, फरकाच्या जागी लाल गोल केला आणि खाली लिहिलं: "डावीकडचं बरोबर. उजवीकडे रेघ अक्षराच्या डोक्यावर गेली आहे, ते चूक. पासबुकावर असं छापलं तर आडनाव चुकलं असं सभासद म्हणेल." तीन तासांत दुरुस्ती आली. आता साठवतानाच दोन्ही रूपांचं एक रूप केलं जातं.

पहिल्या बगला स्क्रीनशॉट बिनकामाचा होता, दुसऱ्याला तोच सगळ्यात उपयोगी पडला. त्यामुळे "प्रत्येक टिकिटाला स्क्रीनशॉट हवाच" असल्या नियमावरचा माझा विश्वास उडालाय.

घाटवाट | मंगळवार, दुपारी १:३०

चर्चा छान चाललीय. पण कातळ म्हणतात ते "चार ओळी आणि कॉल" मला अर्धंच पटतं. वीस वर्षं या धंद्यात आहे, सध्या क्यूए लीड, म्हणजे टेस्टरांचा प्रमुख. कॉलवर प्रश्न सुटतो आणि कॉलवरच विरतो.

नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बायटर बघा. ११ डिसेंबर १९९८ ला निघालं, २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाशी पोचताच हरवलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर बलाच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदात देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण मार्ग आखणाऱ्या लोकांना आकडे जुळत नाहीत हे वाटेतच जाणवलं होतं. अशा विसंगती नोंदवायची रीतसर पद्धतही प्रकल्पात होती. त्यांनी ती वापरली नाही, मेलवर बोलत राहिले. चौकशी मंडळाने हे नोंदवून ठेवलंय. रीतसर नोंद असती तर कुणालातरी ती बंद करावी लागली असती, आणि बंद करताना उत्तर द्यावं लागलं असतं. मेल कुणी बंद करत नाही, तो नुसता खाली सरकतो.

आमच्या चॅनलवर हे रोज घडतं. कुणी लिहितं, "पेमेंटला थोडं विचित्र दिसतंय". खाली चार जण अंगठा देतात. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने टिकिट टाकलं असेल. अंगठा म्हणजे 'वाचलं', 'मी बघतो' नव्हे. मी टीममध्ये एकच आग्रह धरलाय: चॅटवर बोला, कॉल करा, चहाच्या टपरीवर बोला, पण जागेवर परत आल्यावर ज्याला बग दिसला त्यानेच टिकिट टाकायचं आणि त्याचा क्रमांक चॅनलवर द्यायचा. दोन ओळींचं असलं तरी चालेल.

कातळ | मंगळवार, दुपारी २:१५

मान्य. कॉलनंतर दोन ओळी टिकिटात आल्याच पाहिजेत.

पण नोंद असली म्हणून ती वाचली जातेच असं नाही. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त घालवले. आठ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड चढलाच नव्हता, तिथे जुनं मेलेलं कोड जागं झालं. बाजार साडेनऊला उघडला. त्याआधी, आठ वाजल्यापासून त्यांच्याच यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ मेल पाठवले होते आणि त्यांत त्या जुन्या कोडचं नावही होतं. पण ते मेल धोक्याची सूचना म्हणून बनवलेलेच नव्हते, त्यामुळे कुणी तसे वाचले नाहीत.

सांगायचं ते हे: टेस्टरने दिवसाला तीस टिकिटं टाकली आणि सगळ्यांवर 'क्रिटिकल' लिहिलं, तर ती मला त्या ९७ मेलांसारखी दिसायला लागतात. मी आळशी असतो म्हणून नाही, डोळा मरतो म्हणून. जो टेस्टर महिन्यातून एकदाच "हे रिलीज थांबवा" म्हणतो, त्याच्यासाठी मी जेवणावरून उठतो.

नवीनच_आलेय | मंगळवार, रात्री ९:५०

मी नागपूरची, सात महिन्यांपूर्वी पुण्यात पहिली नोकरी लागली. सगळं वाचून काढलं. एक विचारायचं आहे.

गेल्या रिलीजच्या आदल्या संध्याकाळी मला एक बग दिसला. पैसे भरताना नेट गेलं आणि मी परत बटण दाबलं, तर पावती दोनदा आली. एकदाच झालं, नंतर दहा वेळा करून पाहिलं तर झालं नाही. माझ्या सीनियरला सांगितलं, ते म्हणाले, "आत्ता नको काढू, परत झालं तर बघू." मी गप्प बसले. मला भीती वाटली की खोटं निघालं तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर काय सांगू. अजून रोज झोपताना ते आठवतं. अशा वेळी काय करायचं?

सांजवात | मंगळवार, रात्री १०:३०

अगं, आधी हे सांगते: तुला दिसलं आणि तू दहा वेळा करून पाहिलंस, म्हणजे तू काम चोख केलंस. पुढची पायरी तुला कुणी शिकवली नाही, एवढंच.

एकदाच दिसलेला बग हाही बगच असतो. त्याच्याबद्दल आपल्याला कमी माहिती असते आणि टिकिटात तेच स्वच्छ लिहायचं. "११ पैकी १ वेळा" हा आकडा लिही. तो खोटा निघूच शकत नाही, कारण तू त्यात तुला दिसलं त्याहून जास्त काहीच म्हटलेलं नाहीस. "पावती दोनदा येते" असं लिहिलंस तर कुणीही म्हणेल, नाही येत. "एकदा आली, हा तिचा क्रमांक" यावर कुणी काय म्हणणार?

आणि सिव्हिअरिटी व प्रायॉरिटी वेगळ्या ठेव. दोनदा पैसे कापले जाणं किती गंभीर, हे तू ठरवायचं. ते आधी दुरुस्त करायचं की नंतर, हे प्रॉडक्ट ओनर ठरवेल. तुझ्या सीनियरने त्या संध्याकाळी प्रायॉरिटी ठरवली आणि तू त्याबरोबर सिव्हिअरिटीही सोडून दिलीस. टिकिट टाकून "उद्याच्या रिलीजमध्ये हे माहीत असून जातंय, चालेल का?" एवढं विचारलं असतंस तर निर्णय योग्य माणसाकडे गेला असता. त्याने "जाऊ दे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो भार तुझ्या एकटीच्या उशाशी राहिला नसता.

घाटवाट | मंगळवार, रात्री ११:००

सांजवात यांच्याशी सहमत. आणि बेटा, तो बग अजूनही टाकता येतो. उद्याच टाक. सीनियरना आधी सांग, त्यांना डावलून नको: "सर, ते पावतीचं मी नोंदवून ठेवते, तुम्हाला टॅग करते." सहसा कुणी नाही म्हणत नाही. म्हणालेच, तर ते का, हे शांतपणे विचार.

मात्र दोष सगळा तुझ्या पदरात घालून मी मोकळा होणार नाही. नोकरीत सात महिने झालेल्या मुलीला मीटिंगची भीती वाटते, तिथे चूक मीटिंग चालवणाऱ्याची आहे. आमच्याकडे पूर्वी "किती बग इनव्हॅलिड (खोटे) निघाले" हा आकडा टेस्टरच्या नावापुढे लागायचा. मी तो बंद करायला लावला, कारण त्या आकड्यापायी लोक शंका गिळायला लागले होते.

पिंपळपान | बुधवार, सकाळी ६:४५

मी आयटीतली नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. मुलगी टेस्टर आहे म्हणून धागा वाचला.

आमच्याकडे एखाद्या रुग्णाचं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर आलं, तर रिपोर्ट छापून वाट बघत बसत नाही. वॉर्डला फोन करतो, आकडा सांगतो आणि समोरच्या सिस्टरला तो आम्हाला परत वाचून दाखवायला लावतो. मग कुणाला सांगितलं आणि किती वाजता, ते वहीत लिहितो. नुसतं "हो, कळलं" चालत नाही. एकदा मी ६.८ सांगितलं, पलीकडून ५.८ वाचलं गेलं. परत वाचायला लावलं म्हणून कळलं.

तुमच्या कॉलवर असं परत वाचणं असतं का?

कातळ | बुधवार, सकाळी १०:२०

पिंपळपान ताई, नसतं. आणि ते हवं. आज सकाळच्या कॉलवर मी टेस्टरला म्हटलं, "म्हणजे तू म्हणतोस की ऑफर लागल्यावर बेरीज चुकते?" तो म्हणाला, "नाही, ऑफर काढल्यावर." मी भलतीकडेच बघणार होतो.

नवीनच_आलेय | बुधवार, रात्री ८:१५

टिकिट टाकलं. सरांना आधी सांगितलं, ते म्हणाले, "टाक, मला वाटलं तू टाकलं असशील." इथे नावं, क्रमांक काढून ठेवतेय, काही राहिलं असेल तर सांगा.

"नेट तुटून परत आल्यावर 'भरा' दुसऱ्यांदा दाबलं, एकाच बिलाच्या दोन पावत्या. ११ पैकी १ वेळा. नेट चालू असताना २० वेळा केलं, एकदाही नाही. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर), अँड्रॉइड फोन, मोबाइल डेटा, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. दोन्ही पावत्यांचे क्रमांक खाली. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले का, ते मला बँकेच्या बाजूने बघता येत नाही. कुणी बघू शकेल का?"

सांजवात | बुधवार, रात्री ८:४०

लिफ्ट लिहिलीस, ते फार बरं झालं. नेट एकदम गेलं की हळूहळू गेलं, हे त्यावरून कळेल. वेळ तेवढी टाक, सेकंदापर्यंत, पावतीवर असेल. त्याशिवाय डेव्हलपरला लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) शोधता येणार नाही.

नवीनच_आलेय | बुधवार, रात्री ८:५५

टाकली. ६:४२:०७ आणि ६:४२:११. चार सेकंद.

कातळ | बुधवार, रात्री ९:०२

चार सेकंद म्हणजे पहिल्या विनंतीचं उत्तर यायच्या आत दुसरी गेली असण्याची शक्यता आहे. हेही एका ओळीत टिकिटात लिहा, अंदाज आहे असं स्पष्ट म्हणून. तुमचा डेव्हलपर तिथूनच सुरुवात करेल.